आंबिलीतली गोळी

आमचे हे रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून झाली. त्यामुळं निवृत्त झाल्यावर त्यांना एकदा तरी सगळ्यांच्या पुढं असावंसं वाटलं, याचं मला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यासाठी त्यांनी चालायचं ठरवलं याचं. कारण तोवर कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायची तरी ह्यांना मोटरसायकल लागायची.

झालं असं, की दौंडच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्या पेन्शनर मंडळींत कुणीतरी सांगितलं, चालण्याचीही शर्यत असते, आणि साठीच्या पुढच्यांचा गट वेगळा असतो. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे आणि पुढं टाकलेला पाय गुडघ्यात वाकता कामा नये. ह्यांचा जन्म नियमांच्या पुस्तकात गेलेला. नियम ऐकूनच त्यांना तरतरी आली. दुसऱ्या दिवसापासून हे भीमेच्या पुलाकडं जाणाऱ्या रस्त्यानं चालायला लागले. त्या चालण्यात कंबर अशी काही हलते, की पहिल्याच आठवड्यात भाजीवालीनं मला हळूच विचारलं, "बाई, साहेबांच्या कंबरंत उसण भरलीय का वो?"

सोबतीला एकच माणूस, टेलरभाई. बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. ह्यांची आणि त्यांची दोस्ती माझ्या लग्नाच्याही आधीची. टेलरभाई शर्यतीतले नव्हते. ते सायकलवर बसून मागं मागं जायचे आणि ह्यांचा गुडघा वाकला की घंटी वाजवायचे. ह्यांच्या शर्यतीच्या चड्ड्याही त्यांनीच शिवल्या. त्यातली एक इतकी आखूड झाली होती, की ती घालून हे दारातून बाहेर पडायला निघाले तेव्हा मी आडवी उभी राहिले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. माझे विद्यार्थी गावभर आहेत. त्यांनी काय बघायचं आणि काय नाही, हे ठरवायचा थोडा हक्क मला आहे.

त्याच वर्षी आमच्या वार्डातल्या विहारात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. ह्यांचं बीपी जास्त निघालं. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तरी जास्तच. गोळी लिहून दिली.

"मला काय झालंय?" हे घरी येऊन म्हणाले. "रोज पाच किलोमीटर चालतोय. गोळी सुरू झाली म्हंजी माणूस म्हातारा झाला."

"अहो, पण डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टरला चालून दाखव म्हणावं."

तरी मी रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि हे पाण्याचा घोट घेऊन मान वर करायचे. मला वाटलं, घेतात. मग एकदा कढीपत्त्याच्या कुंडीतली माती मोकळी करताना आत पांढरं पांढरं दिसलं. अकरा गोळ्या होत्या. कढीपत्ता मात्र जोमात होता.

हसण्यासारखीच गोष्ट, पण मला हसू आलं नाही. वडगाव रासाईला माझ्या थोरल्या भावाला उसाला पाणी धरता धरता लकवा मारला होता. तोही गोळीला हसायचा. आता त्याचा उजवा हात त्याच्या मांडीवर नुसता ठेवलेला असतो. मी कुंडीपाशी बसून तेवढाच विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी हातावर न ठेवता खलबत्त्यात कुटून ह्यांच्या आंबिलीत घालायला लागले.

नाचणीची आंबील ह्यांना रोज लागते. ताक, जिरं आणि ठेचलेला लसूण असला, की त्यात काय मिसळलंय ते कुणाच्या जिभेला कळणार? महिन्याभरात बीपी थोडं उतरलं. पण पुरेसं नाही, म्हणून मी एकटीच गेले तेव्हा डॉक्टरांनी ह्यांच्यासाठी दुसरी गोळी लिहून दिली. तीत लघवी वाढवणाऱ्या औषधाची जोड होती. त्यानं काम केलं. ह्यांना बीपी मोजायचा पट्टा दंडाला बांधून घ्यायला आवडायला लागलं. दर महिन्याला स्वतःहून दवाखान्यात जायचे. डॉक्टर आकडा बघून म्हणायचे, "छान! असंच चालू ठेवा." डॉक्टर म्हणायचे गोळीबद्दल. हे समजायचे चालण्याबद्दल. दोघांच्या मधे मी पर्स मांडीवर घेऊन गप्प बसायची.

हे गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. पण हे मैदानावर भाषणं करायला लागले. "माझं बीपी चालून पळालं. गोळी न्हाई, काय न्हाई." चार माणसांनी ते ऐकून आपापल्या गोळ्या बंद केल्या. त्यांच्या बायका मला भेटल्या तेव्हा मला कुठं तोंड लपवावं कळेना. मी त्यांना एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, तुझ्या नवऱ्याला गोळी सोडू देऊ नकोस. का, ते सांगितलं नाही.

असं दीड वर्ष गेलं. मग देशपातळीवरची ज्येष्ठांची स्पर्धा आली. ती परराज्यात होती. मीही सोबत गेले, कारण ह्यांचा हट्ट, "शर्यतीच्या अगुदर बाहेरचं काय खायचं न्हाई. कुणी त्यात काय मिसळलेलं असंल, कुणाला ठाऊक?"

मी थर्मासमधून आंबील नेली.

आणि हे पहिले आले! पाच किलोमीटर, साडेबारा फेऱ्या. शेवटच्या फेरीत एका उंच सरदारजींना मागं टाकलं. मी उभी राहून ओरडत होते, आणि काय ओरडत होते ते मला आजही आठवत नाही. टेलरभाई दौंडहून फोनवर होते. त्यांना मी नुसतंच "आले, आले" सांगत राहिले.

रेषेच्या पलीकडं हे वाकून श्वास घेत होते, तेवढ्यात ओळखपत्र लावलेला एक जण आला आणि म्हणाला, उत्तेजक चाचणीसाठी तुमची निवड झाली आहे. त्यानंतर तो ह्यांची पाठ सोडेना. पाणी प्यायला बरोबर, बूट बदलायला बरोबर. ह्यांना वाटलं, मानासाठी माणूस दिलाय. दोन तासांनी खोलीतून बाहेर आले ते छाती फुगवून.

"लघवी घेतली माझी. दोन बाटल्यांत. माझ्या हातानं सील करायला लावल्या. मोठ्या मोठ्या खेळाडूंचीच घेत्यात, म्हायतीय का?"

"काही विचारलं का?"

"विचारलं ना. मागच्या आठ दिवसांत कुठली औषधं घेतली, ते लिहा म्हणले. मी ठसक्यात लिहिलं, काहीच नाही. खाली सही ठोकली."

थर्मास माझ्या हातात होता. मी त्याचं झाकण उगाचच पुन्हा आवळलं. पण मला काय ठाऊक? मला वाटायचं, उत्तेजक म्हणजे पहिलवान सुया टोचून घेतात ते. बीपीच्या गोळीनं कुणाला उत्तेजन येतं? ती खाऊन तर माणूस शांत होतो.

दौंडला परतल्यावर स्टेशनापासून वाजतगाजत आणलं. विहारात सत्कार झाला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर ह्यांचा चेहरा इतका गोरा केला होता, की माझ्या नणंदेनं विचारलं, हा कोण? सत्काराच्या भाषणातही ह्यांनी लघवीच्या बाटल्यांचा प्रसंग साग्रसंगीत सांगितला. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या.

पत्र आलं ते फोनवर, ईमेलमधून, इंग्रजीत. ह्यांना वाटलं, परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं आहे. म्हणून टेलरभाईंच्या दुकानात जाऊन त्यांना मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी काजं करायला दिलेले ब्लाउज आणायला तिथंच गेले होते. टेलरभाईंनी दोन ओळी वाचल्या, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"वहिनी, कुछ गडबड है," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "ह्यांच्या लघवीत बंदी घातलेलं औषध सापडलं म्हणतायत."

औषधाचं नाव लांबलचक होतं. त्यांनी ते अक्षर अक्षर जोडून वाचलं. मी ते नाव रोज सकाळी गोळ्यांच्या पट्टीवर वाचत होते.

नंतर समजलं ते असं. त्या औषधानं कुणी जोरात चालत नाही. पण लघवी वाढते आणि दुसरं काही घेतलेलं असेल तर ते धुऊन जातं. म्हणून चोर लपवणारा तोही चोर, असा हिशेब. आजारासाठी घ्यायचं तर आधी परवानगी काढायची सोय आहे. आम्ही ती काढली नव्हती. काढणार कशी? ज्यांनी काढायची त्यांना आपण औषध घेतो हेच माहीत नव्हतं.

हे आधी पांढरे पडले, मग लाल झाले. दुकानातच येरझाऱ्या घालायला लागले. घातपात झाला म्हणाले. सरदारजीची माणसं, हॉटेलातलं पाणी, बाटल्यांची अदलाबदल, सगळं झालं. आणि मग एकदम थांबले.

"भाई, तू ते चूर्ण दिलं होतंस."

टेलरभाईंनी सांधेदुखीवर त्यांच्या मामूंकडचं कसलंसं चूर्ण दिलं होतं, हे खरं. ह्यांनी ते दोनदा चाटून ठेवून दिलं होतं, हेही खरं.

"अरे, मी स्वतः खातो ते," टेलरभाई म्हणाले.

"तूच दिलंस. दुसरं मी काय खाल्लं न्हाई."

टेलरभाईंनी मान खाली घातली आणि मशीनवर कापड सरकवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या दुकानातून चहा न घेता उठलो.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तिथंच, त्या दुकानात. मी बोलले नाही. मुलांना आयुष्यभर खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा हातात काजं केलेले ब्लाउज घेऊन घरी आले. दोन दिवस मी आंबील करत होते, पण बिनगोळीची. दोन दिवस हे एकटेच चालायला गेले. गुडघा वाकला तरी घंटी वाजत नव्हती. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, सुनावणीत मी चूर्णाचंच नाव सांगणार, भाईला तिथं उभा करणार. मी गॅस बंद केला, चप्पल घातली आणि टेलरभाईंना दुकानातून हाताला धरल्यागत घरी घेऊन आले. त्यांना खुर्चीवर बसवलं, ह्यांना समोर बसवलं आणि खलबत्ता मधे आणून ठेवला.

"चूर्ण नव्हतं," मी म्हणाले. "गोळी होती. दीड वर्ष मी आंबिलीत घालतेय."

 ह्यांनी खलबत्त्याकडं पाहिलं.

"रोज?"

"रोज."

"मंजी माझं बीपी..."

"गोळीनं उतरलं."

मला वाटलं होतं ओरडतील. पण मेडल जाणार याच्यापेक्षा ह्यांना हे जास्त लागलं. सगळ्या मैदानाला सांगितलेलं चालण्याचं माहात्म्य माझ्या खलबत्त्यात कुटलं गेलं होतं. उठून आत गेले. टेलरभाई माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, माझी बायको पण असं काही करत असेल का?" आणि मग त्यांना हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरून हसत होते बिचारे, मित्राला ऐकू जाऊ नये म्हणून. मी रडत होते आणि मलाही हसू येत होतं.

ह्यांनी माझ्या हातचं खाणं बंद केलं. असं आठ दिवस चाललं. स्वतःच स्वयंपाकाला लागले. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी टेलरभाईंकडं जेवायला गेले. गेल्या गेल्या त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले म्हणे, "चुकलं माझं." हे मला टेलरभाईंच्या बायकोनं सांगितलं. ह्यांनी अजून सांगितलेलं नाही.

सुनावणी व्हिडिओवर होती. आमची लेक शिरूरला राहते, रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, चुकीचं मूळ शोधणं हेच तिचं काम. तिच्या घरी नेट चांगलं, म्हणून आम्ही तिकडं गेलो. न्हावऱ्यापर्यंत हे एसटीत माझ्याशी बोलले नाहीत. न्हावऱ्याला म्हणाले, "खिडकी लाव, धूळ येतीय." मी लगेच लावली.

लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आई, रूट कॉज तू आहेस."

"हो बाई, मीच."

"आणि बाबा, गोळ्या कुंडीत टाकल्या ते तुमचं. दोघांवरही रिपोर्ट निघेल."

पडद्यावर तीन माणसं होती. एक वकील, एक डॉक्टर आणि एक पूर्वीच्या धावपटू बाई. वकील हिंदीत बोलत होते. त्या धावपटू बाईंना मराठी येत होतं. मी डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांची पट्टी आणि औषधाच्या पावत्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. खलबत्ताही धरणार होते. लेकीनं खालून माझा हात दाबला.

"नवऱ्याला न सांगता औषध देणं चूक आहे, हे तुम्हाला कळत होतं?" बाईंनी विचारलं.

"कळत होतं," मी म्हणाले. "पण माझ्या भावाचा हात रोज डोळ्यापुढं यायचा. मला वाटलं, रागावले तर रागावले, पण चालते राहिले पाहिजेत."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग वकिलांनी नियम सांगितला. शरीरात काय जातं याची जबाबदारी खेळाडूची. घरातल्या माणसानं खाण्यात मिसळलं, तरी खेळाडू पूर्ण सुटत नाही. आपलं ताट कुणाच्या हातात द्यायचं हे त्यानंच बघायचं असतं.

 हे एकदम पुढं सरकले. "साहेब, एक विचारू का? लग्नाला चाळीस वर्षं झाली. ताट आणखी कुणाच्या हातात देऊ?"

पडद्यावरचे डॉक्टर खोकल्यासारखं करून बाजूला वळले. वकील मात्र हसले नाहीत. "आपकी भावना समझते हैं," एवढंच म्हणाले.

"आन् चूक तिची एकटीची न्हाई," हे म्हणाले. "मी गोळी सरळ घेतली असती, तर तिनं कशाला कुटली असती? ते बी लिहून घ्या."

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी पट्टी उलटसुलट करत बसले.

निकाल महिन्याभरानं आला. सहा महिन्यांची बंदी, निकाल रद्द, मेडल परत. मुद्दाम केलं नाही आणि हयगय फार मोठी नाही, म्हणून शिक्षा कमी केली, असं लिहिलं होतं. नाहीतर दोन वर्षांपर्यंत गेली असती. मेडल पाठवायच्या आदल्या दिवशी ह्यांनी ते दात घासायच्या पावडरीनं घासलं. "सरदारजीला मिळणार. त्याला काळं मेडल कशाला?" दौंडच्या पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, पार्सलमध्ये काय आहे? हे म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू." ती घाबरली. मला पुढं होऊन समजावावं लागलं.

पाठवून बाहेर आलो तेव्हा हे पायरीवर बसले. मीही बसले. पाच मिनिटं बसलो असू. 

बंदीचे सहा महिने मात्र ह्यांनी असे पाळले, की ती देणाऱ्यांनाही लाज वाटावी. घरात वागणं असं, जणू दौंड तालुक्यात एवढी मोठी बंदी आजवर कुणाला मिळालीच नाही. पाबळच्या शाळेनं मुलांच्या चालण्याच्या शर्यतीला पंच म्हणून बोलावलं, तर ह्यांनी कळवलं, "मला कुठल्याही नात्यानं सहभागी होता येत नाही." ती शाळेतली साधी शर्यत होती. तिला हा नियम लागतो की नाही, हे विचारायचीही ह्यांना गरज वाटली नाही. भाजी आणायला सांगितलं तरी तेच.

"बंदी हाय माझ्यावर."

"ती शर्यतीतल्या चालण्यावर आहे. कोथिंबिरीवर नाही."

"रस्त्यात जरा वेग वाढला आन् कुणी बघितलं, म्हंजी?"

मैदानावर मात्र गेले. सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, बीपी गोळीनं उतरलं होतं, मी थापा मारल्या, ज्यांनी गोळ्या सोडल्या त्यांनी आजपासून सुरू करा. मी लांब झाडाखाली उभी होते. माणूस माफी मागताना कसा दिसतो, हे मी ह्यांच्या बाबतीत प्रथमच बघत होते. आवाज गाडी सुटताना शिट्टी मारावी तसा खणखणीत होता, पण कान लाल झाले होते. त्या चौघांतल्या एकानं विचारलं, "मग चालायचं का सोडायचं?" हे म्हणाले, "दोन्ही करायचं, गोळी बी आन् चालणं बी." दोन बायका नंतर मला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, गोळी कशात कळत नाही हो? मी हात जोडले. म्हटलं, बाई, मला विचारू नका, सुनावणी झालीय माझी.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. मग बंदीच्या यादीत नसलेली गोळी शोधून दिली. ती हे आता स्वतःच्या हातानं, माझ्यासमोर, डबीतून काढून घेतात आणि घेतल्यावर तोंड उघडून दाखवतात. मी सांगितलेलं नाही, त्यांचंच चालू आहे.

बंदी संपल्यावर पहिली शर्यत शिरूरला होती. जिल्ह्याची. लेक, टेलरभाई आणि मी बाकावर. ह्यांनी शर्यतीच्या आधी फॉर्मच्या औषधांच्या रकान्यात बीपीची गोळी लिहिली. खाली खोकल्याच्या वड्या, त्याखाली डोळ्यांचे थेंब, आणि शेवटी पायाला लावायचं खोबरेल तेल. रकाना पुरला नाही म्हणून मागं लिहिलं. फॉर्म घेणाऱ्या पोरीनं विचारलं, "आजोबा, तेल कशाला?"

"असू दे," हे म्हणाले.

शर्यत सुरू झाली. सातव्या फेरीपर्यंत हे दुसरे होते. मग पुढच्याला गाठायच्या नादात दोन्ही पाय जमिनीवरून सुटायला लागले. टेलरभाई बाकावरून ओरडले, "गुडघा नाही, पाय! पाय टेकव!" पंचांनी एकेक करून तीन लाल पाट्या दाखवल्या. तीन झाल्या की माणूस बाद. हे ट्रॅकच्या बाहेर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता चेहरा पडणार. पण हे चक्क हसत होते.

"बाद झालो," जवळ येऊन म्हणाले.

"दिसलं."

"ह्या वेळी मीच माझ्या पायानं झालो. तुझा काय संबंध न्हाई."

टेलरभाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. ह्यांनी ती घेतली, झाकण उघडं आहे की सीलबंद हे न बघता निम्मी संपवली, आणि विचारलं, "लेकीच्या घरी आज जेवायला काय हाय?"

लेक म्हणाली, पिठलं-भाकरी. आम्ही चौघं चालतच तिच्या घराकडं निघालो, आणि हे सगळ्यांच्या मागं, टेलरभाईंच्या सोबतीला राहिले, कारण भाईंची चप्पल तुटली होती.